चुरा गुणिले चुरा

बेळगाव,
१२ सप्टेंबर १९८१

चि. विशाखा हिस,
मामाचा सप्रेम जयभीम आणि भरघोस आशीर्वाद.

तुझा निबंध मंगळवारी पोहोचला. सीमाभाग गणित अध्यापक मंडळाच्या नोव्हेंबरमधल्या संमेलनासाठी आलेले सर्व निबंध तपासण्याचे काम यंदा मजकडे आहे, हे तुला ठाऊक आहेच. तपासनीस आपला सख्खा मामा आहे, म्हणून काही सवलत मिळेल अशी आशा मात्र बाळगू नकोस. इतरांचे निबंध मी एकदा वाचतो. तुझा तीनदा वाचला.

प्रथम आनंदाची गोष्ट. आपल्या संमेलनात आजवर जे निबंध आले, ते अपूर्णांक कसे शिकवावेत आणि भूमितीची गोडी कशी लावावी या विषयांवरचे. निपाणीच्या हायस्कुलात आठवीच्या मुलांना शिकवत असताना, कोणी सांगितलेले नसताना, एक नवे प्रमेय स्वतःहून मांडणारी तू पहिलीच. टपालाचा लिफाफा हातात घेऊन मी स्टाफरूममध्ये दोन फेऱ्या मारल्या, हे येथे नमूद करतो.

निबंध ऐकायला बसणारे बहुतेक शाळाशिक्षक असतील. म्हणून प्रस्तावना अशी पायरीपायरीने लिही. ज्या समूहातल्या वस्तूंची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार केला तरी उत्तर त्याच समूहात राहते, त्या समूहाला वलय म्हणायचे. वलयाच्या पोटात राहून हेच नियम आपल्यापुरते पाळणारा लहान समूह म्हणजे उपवलय. तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन हे एकच; या गुणाला क्रमनिरपेक्षता म्हणतात. सगळ्या वलयांना तो नसतो. हे विड्या वळणाऱ्या तुझ्या आईला, माझ्या आक्काला, समजावून सांगायचे असेल तर असे वाचून दाखव: विडीचे पान आधी भिजवून मग कापले आणि आधी कापून मग भिजवले, तर निष्पत्ती एकच होईल का? होणार नाही. कत आणि तक यांच्यात जो फरक उरतो, म्हणजे कत − तक, त्याला तू ‘क्रमफरक’ हे नाव दिलेस, ते मला मनापासून पसंत आहे. आणि बहुपदी नित्यसमानता म्हणजे असा नियम, की त्यातल्या अक्षरांच्या जागी वलयातले कोणतेही घटक बसवले तरी उत्तर शून्यच यावे.

आता तुझा दावा माझ्या शब्दांत. एखादे वलय दोन उपवलयांची बेरीज आहे. दोन्ही उपवलये आपापल्या घरात क्रमनिरपेक्ष आहेत. सबंध वलय तसे असेलच असे नाही. परंतु त्यातल्या कोणत्याही दोन क्रमफरकांचा गुणाकार शून्य असतो, हीच तुझी बहुपदी नित्यसमानता. पहिल्या उपवलयाचे घटक तू क-वर्गातले घेतलेस, क, ख, ग, घ. आणि दुसऱ्याचे त-वर्गातले, त, थ, द, ध. त्यामुळे कोण कुठल्या घरचा, हे वाचणाऱ्याला क्षणभरही विसरता येत नाही. एका घरातल्या दोघांचा क्रमफरक शून्यच, तेव्हा सिद्ध करायचे उरते ते एवढेच:

(कत − तक)(खथ − थख) = ०

आता अवघड भाग. दुसऱ्या पानावर तू लिहितेस, ‘तख हा गुणाकार एक तर पहिल्या उपवलयात असेल, नाही तर दुसऱ्यात.’ कथ या गुणाकाराविषयीही तेच. त्यावरून चार शक्यता उभ्या करतेस आणि चारही निर्दोष सोडवतेस. पण विशाखा, पाचवी शक्यता राहिली आहे. गुणाकार दोहोंपैकी कोणत्याच घरात नसेल तर?

हे छिद्र बुजल्याशिवाय मला सही करता येणार नाही, आणि सहीशिवाय निबंध कार्यक्रमपत्रिकेत जाणार नाही. पत्रिका दसऱ्यानंतर छापायला जाईल.

तुझा,
धर्मराजमामा


निपाणी,
१७ सप्टेंबर १९८१

ती. मामांना,
सादर जयभीम.

तुमचं पत्र म्हणजे फळ्यावर आखलेल्या रेघा. वाचून झाल्यावर हाताला खडू लागल्यासारखं वाटतं!

सांगितल्याप्रमाणे पानाचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. ती सुपात जर्दा घेऊन बसली होती. तिचं उत्तर जसंच्या तसं कळवते: “आदी कापून मग भिजवायचं? डोकं फिरलंय का धर्माचं? वाळकं पान कातरीखाली आलं की चुरा हुतंय. विडीवालीच्या घरात वाढलाय आन् एवडंबी ठावं न्हाय व्हय?” मी म्हटलं, “आई, मामांनाही तेच म्हणायचंय. क्रम चुकला की जो फरक पडतो, त्यालाच मी क्रमफरक म्हणते.” तर म्हणते, “मग सरळ चुरा म्हण की. क्रमफरक कशाला?”

तेव्हापासून आमच्या घरात माझ्या प्रमेयाचं नाव ‘चुरा गुणिले चुरा बरोबर शून्य’ असं पडलं आहे. शेजारच्या बायडाबाई कट्ट्यावरून ओरडून विचारतात, “काय गं, आला का चुऱ्याला चुरा लावून शून्य?”

आता पाचव्या शक्यतेबद्दल. खरं सांगू का मामा, मला ती दिसतच नाही. तुम्हीच बघा. आपल्याकडे, या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर, मूल जन्मलं की आधी विचारतात, इकडचं की तिकडचं? शाळा इकडची, बस तिकडची. हे गाव यांच्या यादीत, ते गाव त्यांच्या. बोरगावला माझी एक मैत्रीण आहे; तिच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी हाच प्रश्न. सव्वीस वर्षांत मला दोन्हीकडची नसलेली वस्तू भेटलेली नाही. मग तख कुठून भेटणार? दाखवा तरी एक.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगायलाच हवी. आईनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय की पोरगी बेळगावात मोठ्या मास्तरांच्या पुढं उभी राहणार. बायडाबाई, नागुबाई आणि बाकीच्या बाया त्या दिवशी काम बंद ठेवून माझं ऐकायला येणार आहेत. बसचं ठरलंय. काय नेसायचं तेही ठरलंय. तेव्हा छिद्र वगैरे शब्द तुम्ही मलाच लिहा; आईला वाचून दाखवायच्या परिच्छेदात घालू नका. तिला मी सांगितलंय की सगळं ठीक आहे.

तुमची,
विशाखा


बेळगाव,
२४ सप्टेंबर १९८१

चि. विशाखा,
जयभीम.

तू मागितलीस, म्हणून दाखवतो. कागद-पेन्सिल घेऊन बस.

दोन ओळी आणि दोन स्तंभ असलेले मॅट्रिक्स घे, ज्यांत डावीकडचा खालचा कोपरा नेहमी शून्य आहे. हे आपले वलय. पहिले उपवलय: ज्यांत फक्त कर्णावर संख्या आहेत आणि उजवीकडचा वरचा कोपराही रिकामा आहे. दुसरे उपवलय: ज्यांत तो वरचा कोपरा म्हणजे कर्णावरच्या दोन संख्यांची वजाबाकी, पहिलीतून दुसरी. दोन्ही उपवलये आपापल्या आत क्रमनिरपेक्ष आहेत, हे तू पडताळून पाहशीलच. दोन्हींची बेरीज केली की सबंध वलय मिळते.

आता दुसऱ्या उपवलयातला त असा घे: वरची ओळ १, १, खालची ०, ०. पहिल्यातला ख असा घे: वरची ओळ ०, ०, खालची ०, १. गुणाकार कर. तख ची वरची ओळ ०, १ येते आणि खालची ०, ०. हा कोणत्या घरचा? पहिल्यातला नव्हे, कारण त्याचा कोपरा रिकामा नाही. दुसऱ्यातलाही नव्हे, कारण कर्णावर दोन्ही शून्ये असताना तिथे कोपराही शून्य असायला हवा. ही तुझी पाचवी शक्यता, साक्षात.

चूक कुठे झाली, तेही स्पष्ट करतो, कारण नेमकी चूक समजणे हे अर्ध्याहून अधिक काम असते. तू बेरीज हा शब्द वाचलास आणि मनात दोन याद्या एकाखाली एक चिकटवल्यास. दोन याद्या चिकटवल्या तर प्रत्येक नाव एका यादीत सापडतेच. बेरीज ही त्याहून वेगळी वस्तू आहे. तुझ्या जागी पुण्यातली मुलगी असती तर ही चूक तिने केली नसती असे मला वाटते. तिला लहानपणापासून कोणी ‘इकडची की तिकडची’ असे विचारलेले नसते.

माझ्या या उदाहरणातही तुझा दावा खरा ठरतो, ही त्यातली आशेची बाब. तिथले सगळे क्रमफरक कोपऱ्यातच राहतात आणि दोन कोपऱ्यांचा गुणाकार शून्य येतो. मी आणखी चार उदाहरणे करून पाहिली. एकही तुझ्या विरुद्ध गेले नाही. म्हणजे निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, सिद्धता मात्र नाही. ती मी तुला देऊ शकत नाही. एक तर तपासनिसाने ती द्यायची नसते. आणि दुसरे म्हणजे, प्रामाणिकपणे सांगतो, मला ती सापडलेली नाही.

आक्काला माझा नमस्कार सांग. तिने मला जे सुनावले ते शंभर टक्के योग्य आहे. ‘चुरा’ हा शब्दही क्रमफरकाहून सरस आहे, पण मंडळाचे अध्यक्ष मारुतीराव तो छापू देणार नाहीत. खानापूरकडे मुख्याध्यापक होते; निवृत्त झाल्यावरही परिभाषेच्या बाबतीत फार कडक आहेत.

तुझा,
धर्मराजमामा


बेळगाव,
१० ऑक्टोबर १९८१

चि. विशाखा,

दोन आठवडे तुझे एक ओळही नाही. माझ्या मागच्या पत्राने तुझे मन दुखावले असावे, असे मी धरून चाललो आहे. पत्र पुन्हा आठवून पाहिले. पुण्यातल्या मुलीचा उल्लेख टाळता आला असता.

मारुतीरावांनी काल विचारले, “त्या निपाणीच्या बाईंचं काय ठरलं, प्रोफेसर? घालायचं की गाळायचं?” मी तपासणी चालू असल्याचे सांगून मंगळवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

माझी एक सूचना आहे. प्रमेय बाजूला ठेव आणि ‘वलय म्हणजे काय’ या विषयावर परिचयपर निबंध वाच. तू तो उत्तम वाचशील. आक्का आणि गल्लीतल्या बायांना त्यातला भेद कळणार नाही, आणि तुलाही रिकाम्या हाताने उभे राहावे लागणार नाही. विचार करून उलट टपाली कळव.

मामा


निपाणी,
१२ ऑक्टोबर १९८१

मामा, मामा, मामा!

मन कुणाचं दुखावलंय? आम्ही नागपूरला गेलो होतो! धम्मदीक्षेला पंचवीस वर्षं झाली म्हणून गल्लीतली अर्धी माणसं दीक्षाभूमीला निघाली आणि आई म्हणाली, “ह्या साली न्हाय तर कवा?” घाईत तुम्हाला कळवायचं राहून गेलं. काल सकाळी परत आलो आणि आज तुमचं पत्र हातात पडलं. ‘वलय म्हणजे काय’ हा निबंध तुम्हीच वाचा. मी माझं प्रमेय वाचणार आहे.

झालं असं. कोल्हापूरहून निघालेल्या गाडीत पुण्याला एक बाई चढल्या. आईशेजारी बसल्या, डबा उघडला, थोडी चटणी दिली आणि विचारलं, “तुम्ही कुठल्या? महाराष्ट्रातल्या की कर्नाटकातल्या?” आई म्हणाली, “थोडी हिकडची, थोडी तिकडची.” बाईंना ते पटेना. “असं कसं? काहीतरी एक असेलच ना!” आईनं भाकरी मोडता मोडता सांगितलं, “का असंल? जल्म हुक्केरीकडचा, नांदले निपाणीत. घरात दूध आलं का इचारायचं तर मी म्हणतीया, ‘हालु बंतु काय गं?’ आता त्यातलं कन्नड वायलं काडून दावा, मराठी वायलं काडून दावा. दोन्हीबी हाय की!”

मी खिडकीशी बसले होते. मी म्हणाले, “दोन्हीबी हाय की.” आई म्हणाली, “तुला काय झालं गं?” तोवर मी लिहायला लागले होते.

मामा, इतके दिवस मी तखला दरडावून विचारत होते, तू कुठला? तो बिचारा काय सांगणार? तो वलयात आहे आणि वलय ही बेरीज आहे. मग त्याला थोडा इकडचा, थोडा तिकडचा राहू दिला:

तख = ग + द, आणि तसंच कथ = घ + ध.

ही फोड एकाच प्रकारे होते असं नाही, पण मला कुठलीही एक पुरते. आता कंस सोडवला की चार गुणाकार येतात.

पहिला कतखथ. मधला तख फोडायचा: कगथ + कदथ. क आणि ग एका घरचे, जागा बदलतात; द आणि थ एका घरचे, तेही बदलतात. म्हणून ग(कथ) + (कथ)द, म्हणजे
गघ + गध + घद + धद.

दुसरा कतथख. त आणि थ यांनी जागा बदलली की (कथ)(तख), म्हणजे
गघ + घद + धग + धद.

तिसरा तकखथ. क आणि ख यांनी जागा बदलली की (तख)(कथ), म्हणजे
गघ + गध + दघ + धद.

चौथा तकथख. मधला कथ फोडायचा: तघख + तधख, म्हणजे (तख)घ + ध(तख), म्हणजे
गघ + दघ + धग + धद.

पहिल्या ओळीतून दुसरी आणि तिसरी वजा करा, चौथी मिळवा. काय उरतं ते तुम्हीच बघा. मी लिहीत नाही. तुमचा आनंद मी का हिरावून घेऊ?

गंमत अशी की माझ्या जुन्या चार शक्यता वाया गेल्याच नाहीत. ग, द, घ, ध यांतले योग्य ते दोन शून्य धरले की त्या चारी यातूनच निघतात.

हे पत्र मी बेळगावच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आहे. ओळखीचा आहे. स्टँडवर कुणाला तरी पाठवा, असा निरोप शाळेच्या फोनवरून तुमच्या स्टाफरूममध्ये ठेवते.

विशाखा


बेळगाव,
१६ ऑक्टोबर १९८१

चि. विशाखा,

स्टँडवर मी स्वतःच गेलो होतो. तिथल्या बाकावर बसूनच सोळा पदे मांडली आणि एकेक जोडी खोडत गेलो. अखेरची जोडी खोडल्यावर शेजारच्या गृहस्थांनी “काय, लॉटरी लागली का?” असे विचारले. मी होकार दिला. त्यांनी हस्तांदोलन केले.

त्यानंतर घरी येऊन तपासनीस या नात्याने, थंड डोक्याने, प्रत्येक पायरी पुन्हा तपासली. अदलाबदल जिथे जिथे केलीस तिथे ती एकाच घरातल्या दोघांची आहे. फोड अनेक प्रकारांनी होऊ शकते, हे तू आपणहून सांगितलेस. तो प्रश्न मी विचारणारच होतो. एकही पायरी निसटलेली नाही. सही केली. निबंध पत्रिकेत गेला. मारुतीरावांनी शीर्षक वाचले आणि “बेरजेत एवढं काय आहे?” असे विचारले. मी म्हटले, “येऊन ऐका.”

विद्यार्थिनीपासून काही लपवू नये म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. ग्रंथालयात शोधताना आढळले, की गट नावाच्या रचनेत एका जपानी गणितज्ञाने सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी अशाच अदलाबदलीने एक सुंदर प्रमेय सिद्ध केले आहे. तिथे बेरजेऐवजी गुणाकार आहे. वलयांबद्दल मला कुठे काही मिळाले नाही. कदाचित कोणी केले असेल, कदाचित नसेल. तुला हे वाचून किंचितही खट्टू वाटू देऊ नकोस. हजारो मैलांवरच्या एका माणसाला आणि पुणे-नागपूर गाडीत बसलेल्या तुला एकच वाट दिसली, यापेक्षा चांगली शिफारस कोणती?

आता एक वाईट बातमी. संमेलनाच्याच दिवसांत विद्यापीठाने मला परीक्षेच्या देखरेखीसाठी कारवारला धाडले आहे. रदबदली करून पाहिली, जमले नाही. तुझे प्रमेय मला ऐकता येणार नाही. म्हणून विनंती, की घडलेले सर्व मला क्रमाने लिही. येथे क्रम बदलून चालणार नाही.

तुझा,
धर्मराजमामा


निपाणी,
१६ नोव्हेंबर १९८१

ती. मामांना,
सादर जयभीम.

क्रमाने लिहिते.

काल सकाळच्या पहिल्या बसने आम्ही निघालो. सगळ्या बाया काठापदराच्या साड्या नेसलेल्या. कंडक्टर म्हणाला, “कुठल्या लग्नाला?” बायडाबाई म्हणाल्या, “चुऱ्याच्या!”

सभागृहात त्या मागच्या दोन ओळींत बसल्या. पुढे सगळे मास्तर. मारुतीरावांनी माझी ओळख करून दिली आणि मागे बघून हळूच विचारलं, “या भगिनी कोण?” मी म्हटलं, “श्रोते, सर.” त्यांनी चष्मा पुसला.

प्रस्तावना तुम्ही सांगितली तशीच केली. पान भिजवायची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या ओळीत “बराबर हाय” असं झालं. मास्तरांच्या तीन-चार माना हलल्या. मग प्रमेय लिहिलं. मग फळ्यावर चार ओळींत सोळा पदं लिहिली, तुमच्या पत्रातल्यासारखी सरळ रेघेत. आणि खोडायला घेतलं.

“पहिल्या ओळीतला गघ आणि दुसऱ्या ओळीतला गघ. एक अधिक, एक उणा. गेला.”

मागून बायडाबाईंचा आवाज आला, “गेला!”

मारुतीरावांनी टेबलावर टिचकी मारली. मी पुढची जोडी खोडली. “गेला!” आता नागुबाईसुद्धा. तिसऱ्या जोडीला सगळी मागची ओळ. चौथीला पुढच्या मास्तरांपैकी कोणीतरी म्हणालं, “गेला!” आणि लगेच खोकला काढला. मारुतीराव टिचकी मारायचे थांबले.

आवाजाच्या भरात माझा हात पळत सुटला. मी वळले आणि म्हणाले, “तर मंडळी, काहीच उरलं नाही.”

“न्हाय, न्हाय! थांब गं!”

आई उभी राहिली होती. मामा, तिनं बोट रोखलं होतं फळ्याकडे. “त्यो धग ऱ्हायला की! दुसऱ्या वळीत एक, आन् चौथ्या वळीत एक.”

मी फळ्याकडे बघितलं. खरंच राहिला होता. मग मी आईकडे बघितलं. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं, पण त्यांना ती कोण हे माहीत नव्हतं. ते मलाच माहीत होतं. मला हेही माहीत होतं की तुमची पत्रं मी तिला वाचून दाखवते, रेशनच्या दुकानात ती अंगठा उठवते, बसवरची पाटी मला विचारते.

“आई,” मी फळ्याजवळूनच विचारलं, “तुला ध वाचता येतो?”

“समदंच येतंय आता,” ती म्हणाली. “तू साळंत गेलीस की दुपारचं नागूच्या घरात शिकवाय येतीया एक बाई. आमी समद्याच बसतोय. तू आदी त्यो खोड, मागनं बोलू.”

मी खोडला. खडू मोडला. सभागृहात एवढा मोठा “गेला!” झाला की बाहेरचा शिपाई आत येऊन बघून गेला. फळ्यावर एक शून्य राहिलं.

नंतर प्रश्न. मारुतीरावांनी विचारलं, “दोनऐवजी तीन उपवलयं असली तर?” मी म्हणाले, “सर, ते मला माहीत नाही.” एवढ्या लोकांपुढे हे वाक्य इतक्या आनंदानं म्हणता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “मग पुढच्या वर्षी या.” आणि खाली उतरून ते आधी मागच्या ओळीकडे गेले आणि आईला नमस्कार केला.

परतताना मी तिला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “तू तरी सांगिटलंस व्हय, तुज्या कागदात भोक पडलंय म्हणून? त्यो धर्माचा कागूद उघडाच ठेवून साळंत गेलतीस. दोन दिस लागले, पर वाचला म्या.”

म्हणजे तिला सगळं माहीत होतं, मामा. नागपूरच्या गाडीत बसायच्या आधीपासून. आणि तरीही बसची जमवाजमव तिनं थांबवली नव्हती.

सोबत तिचं कार्ड आहे. मी शब्दालाही हात लावलेला नाही. पत्ता तेवढा मी लिहिला, तेसुद्धा तिला आवडलं नाही.

तुमची,
विशाखा


निपानी

धरमा,
जयभीम. मी गंगव्वा लिवतीया. हात दुकतोय म्हनून थोडं लिवते.
पोरीनं फळा भरून लिवलं आन् समदं खोडलं. खाली शून्य ऱ्हायलं. तरी मानसं लई टाळ्या वाजवत हुती. येवडं लिवून काय बी उरलं न्हाय तर टाळ्या कशाला ते मला अजून कळलं न्हाय. ते तू लिव. पोरीला नगं. मला लिव. मी वाचते.

तुजी आक्का